अर्धी पात

आमच्या रविंद्रला दुसरी मुलगी झाली ते साल अधिक श्रावणाचं, म्हणजे दोन हजार तेवीस. अधिक सरला, निज श्रावण लागला आणि दुसऱ्या सोमवारी सून रेश्मा बारामतीच्या दवाखान्यात बाळंत झाली. पोट फाडून बाळ काढावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, चार महिने वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. त्यामुळं सावडीला आमच्या घरातनं एकटी ठमाबाई उरली.

आमची सावड सात घरांची. आज द्वारकाबाईच्या रानात सगळ्या जणी, उद्या अंजलीच्या, परवा आमच्या. रोजगार कुणी कुणाला द्यायचा नाही, दिवसाला दिवस फेडायचा. खुरपायला बसलं की रानाचे सारखे पट्टे पाडतात आणि एकेकीला एकेक पट्टा येतो, त्याला आम्ही पात म्हणतो. जिची पात आधी सरेल तिनं पुढनं फिरून मागं राहिलेलीच्या समोर यायचं आणि तिची उरलेली पात खुरपत तिला गाठायचं. ही रीत मायेची आहे. पण जिच्या समोर रोज कुणीतरी येतं, तिची मान त्या रीतीनं खाली जाते.

ठमाबाई माझी बायको. त्या साली ती किती वर्षांची होती हे मला सांगता येत नाही, तिलाही येत नव्हतं. आधार कार्डावर एक जानेवारी एकोणीसशे सत्तावन्न आहे. आमच्या आळीतल्या निम्म्या म्हाताऱ्या एक जानेवारीलाच जन्मल्यात. माझं वय तरी एका माणसानं डोळ्यांनी बघून ठरवलं होतं. साखर कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीवर लागलो तेव्हा डॉक्टरनं माझे दात बघितले, दंड दाबला आणि कागदावर तेवीस लिहिलं. माझी आई म्हणायची, तू एकोणीसचा. तो कागद मला वाचता येत नव्हता. अक्षरं मी चाळिशीनंतर गिरवली. वाचता यायला लागल्यावर कळलं, की चार वर्षं फुकट गेली. कागदावर साठ भरली त्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन मला घरी पाठवलं. त्याला आता आठ वर्षं झाली होती.

घरी बसणं मला कधी जमलं नाही. सकाळी कालव्याच्या फाट्यापर्यंत जायचं, पाणी आलं का बघायचं, पारावर जायचं, तिथनं उठायचं, परत रानात. एकदा एमआयडीसीत वॉचमनच्या कामालाही जाऊन आलो. ठेकेदाराचा पोरगा कार्ड बघून म्हणाला, "काका, साठीच्या आतलं माणूस पायजे. तुमी झोपाल." मी त्याला सांगणार होतो, की अरे, मला रात्रीचीसुद्धा झोप येत नाही. पण तो दुसऱ्याचं कार्ड बघायला लागला होता.

त्या साली पाऊस कमी झाला. फाट्याचं पाणी एक पाळी उशिरा आलं आणि आलं तेव्हा सगळ्यांचा कांदा एकदमच खुरपणीला आला. मजूर बाया इंदापूरकडं द्राक्षाच्या बागांत गुंतलेल्या. ज्याच्या घरात सावड त्याचं रान निघालं, बाकीचे नुसते गवताकडं बघत बसले. आमचाही अर्धा एकर रांगडा कांदा होता आणि पुढं पौषात पाऊण एकर उन्हाळी कांद्याची लागण करायची होती. सावड सुटली असती तर रान पडलं असतं.

नवरात्राच्या आधी चार दिवस सावड द्वारकाबाईच्या रानात होती. तिचं रान आमच्या बांधाला बांध. द्वारकाबाई पन्नाशीची, आवाजाची मोठी, मनानं वाईट नाही. सावडीचे पाळे तीच लावते. तिचा लेक विजयसिंह एमआयडीसीत कामाला. त्यानं कुठूनसे हिरव्या रबराचे हातमोजे आणले होते. द्वारकाबाई ते एकेकीला वाटत होती, हळदीकुंकवाचं वाण लुटावं तशी.

"घाला की मामी. त्या अंजलीनं घातलं बगा. नखात माती जायाची न्हाय."

"माज्या नखात माती नसली तर मला जेवान गोड लागत न्हाय," ठमाबाई म्हणाली.

बाया हसल्या. पण रान दुसऱ्याचं, वस्तू हौसेनं आणलेली. तिनं मोजे घातले. बोटं आखूड, मोजे लांब. टोकं पुढं लोंबत होती. नेहमी तिच्या शेजारच्या पातीला भामाबाई असायची. भामाबाई म्हणजे तिची लग्नाआधीपासनंची मैत्रीण, एका गावच्या दोघी, एकाच वर्षी इथं नांदायला आल्या. ती ठमाबाईहून पाचेक वर्षांनी थोरली. त्या दिवशी ती भिगवणला लेकीकडं गेली होती.

मी आमच्या बांधावर बसून पाइप जोडत होतो. दोन घटका गेल्या असतील. अंजलीची पात सरली, ती रीतीप्रमाणे पुढनं फिरून ठमाबाईच्या समोर आली आणि तिथंच उभी राहिली.

"आगं बया! मामी, ह्यो कांदा हाय!"

सगळ्यांची खुरपी थांबली. मी बांधावरनं उठलो. ठमाबाईच्या मागं वाफा नुसता मातीचा दिसत होता. बाजूला तणाचे ढीग, आणि ढिगात लव्हाळ्याबरोबर कांद्याची रोपं, पांढऱ्या मुळ्या वर करून पडलेली. एक दोन नाही, ओंजळी भरतील एवढी. द्वारकाबाई आली. तिनं चार रोपं उचलली, माती झटकली.

"असू द्या," ती म्हणाली. "व्हतंय एकांद्या वक्ताला."

द्वारकाबाई कुणाला असू द्या म्हणणारी नव्हे. अंजलीनं एकदा खुरप्यानं रोप तोडलं तर तिच्या सात पिढ्या काढल्या होत्या. ठमाबाईनं मोजे काढले, घडी करून बांधावर ठेवले आणि ढिगात हात घातला. कांदा वेगळा काढून पदराच्या ओट्यात घेतला. दिवस कलताना बाया घरी गेल्या. ती मागं राहिली आणि एकेक रोप परत लावायला बसली. मी पाण्याची कळशी घेऊन गेलो. ती बोटानं भोक पाडायची, रोप सोडायची, अंगठ्यानं दाबायची. मी वर पाणी घालायचो.

"तुला दिसंना व्हय गं?"

"दिसतंय की."

मी ढिगातली लव्हाळ्याची काडी उचलून तिच्यासमोर धरली. "ह्यो काय हाय?"

तिनं हात पुढं केला. "हातात द्या."

"हातात न्हाय. बगून सांग."

तिनं हात मागं घेतला. मग परत भोक पाडायला लागली. "लव्हाळा तिधारी आसतो," ती खाली बघत म्हणाली. "कांद्याचं पान गोल, आतनं पोकळ. चिमटीत धरलं की कळतं. डोळं कशाला लागत्यात?"

"कवापासनं हे?"

"पाडव्यापासनं. उजवा तर आदीच गेलता."

"आन सांगितलं न्हाईस?"

"सांगून काय? तुमी घरी बसलाय, मी बी बसू?"

मोजे घातल्यावर तिच्या बोटांना काही कळेना झालं होतं, एवढंच. उघड्या हातानं तिनं सहा महिने सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत तण काढलं होतं आणि एक रोप चुकू दिलं नव्हतं.

संध्याकाळी रविंद्र गाडी लावून आत आला तोवर त्याला सगळं कळलेलं होतं. विजयसिंह आणि तो एमआयडीसीतल्या एकाच डेरीत, एकाच पाळीला. त्यानं हेल्मेट खुंटीला लावलं, बाळाकडं एकदा बघितलं आणि पाटावर बसला.

"आई, आता बास कर. लई झालं. वय झालं तुजं."

"वय झालं म्हंजी किती झालं?"

"म्हंजी... झालं की आता."

"तसं न्हाय. आकडा सांग. तुज्या बापाला कारखान्यानं आकडा सांगितलाता. मला कोण सांगणार?"

रविंद्रनं माझ्याकडं बघितलं. मी बाळाच्या झोळीला झोका देत होतो, देतच राहिलो.

"घरी बस, पोरी सांभाळ. आराम कर," तो म्हणाला.

रेश्मा आतनं हसली. "दोन पोरी सांभाळणं म्हंजी आराम व्हय वो? मग उद्या तुमी करा आराम. मी जाते डेरीत."

ठमाबाईही हसली, पण ताट तिनं तसंच सारलं.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई आली. उंबऱ्यात बसली, चहा घेतला, बाळाच्या हातावर वीस रुपये ठेवले. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मामी, राग धरू नगा. सगळ्या जणींचा इचार झाला. तुमी आता आर्दी पात घ्या."

अर्धी पात नव्या पोरीला देतात, खुरपं धरायला शिकते तोवर. नाहीतर जिचं सरत आलं तिला. तिनं दोन दिवस काम करायचं तेव्हा तिच्या रानात एक दिवस फिटतो. तिनं बांधाच्या कडेला बसायचं, मधे उठून चहा ठेवायचा, पाणी फिरवायचं. सगळ्या जणी तिच्याशी गोड बोलतात.

"मी आर्दी घ्यायाची न्हाय," ठमाबाई म्हणाली. "पुरी, न्हायतर न्हाय."

"मग आमचा नाइलाज हाय मामी. ह्या पाळीचा दीस दिवाळीनंतर तुमच्या रानात फिटंल. म्होरं लागणीचं तुमचं तुमी बगा. रेश्मा उटंस्तवर कोन धरनार तुमची पात?"

"मी धरतो," मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडं बघितलं. द्वारकाबाईनं कप खाली ठेवला. "म्हस्कू आबा, चेष्टा करू नगा."

"चेष्टा कसली? सावड घराची हाय का बाईची? घरातनं एक माणूस आलं की झालं. हिच्या डोळ्याचं आपरेशन करून आणतो. तोवर हिची पात मी धरतो. पुरी."

द्वारकाबाई जाताना अंगणात उभी राहून इतकी हसली, की तिला ठसका लागला. पण नाही म्हणाली नाही. रीतीत कुठं लिहिलेलं नव्हतं.

दसरा झाल्यावर बारामतीला एका शिबिरात ठमाबाईचा डावा डोळा केला. हिरवी पट्टी, काळा चष्मा, थेंब टाकायच्या दोन बाटल्या. चाळीस दिवस वाकायचं नाही, धूळ नाही, चुलीचा धूर नाही. घरी आल्यावर तिनं पहिलं मला अंगणात खाली बसवलं आणि खुरपं हातात दिलं.

"टाचा टेकवा. गुडघं छातीला. आन खुरपं वढायचं न्हाय, सरकवायचं. तुमी गव्हाणीत ऊस टाकल्यागत करू नगा."

पहिला दिवस अंजलीच्या रानात. बाया आधीच पातीला बसलेल्या. मी धोतर खोचलं, डोक्याला टॉवेल बांधला आणि ठमाबाईच्या जागेवर, भामाबाईच्या शेजारी बसलो. टाचा टेकल्या नाहीत. थोडं पुढं सरकलो आणि मागं बुडावर बसलो. वाफ्यातली चार रोपं माझ्याखाली गेली.

"आबा, कांदा उबवायला बसलाय का?" अंजली म्हणाली.

"पेन्शनीत बसून बसून बूड जड झालंय वो त्यांचं," दुसरी एकजण म्हणाली.

मी उठलो, परत बसलो. ऊन चढलं तसे गुडघे आतनं जळायला लागले. उकिडवं बसवेना म्हणून एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग पोतं मागितलं. अंजलीची पात सरली, द्वारकाबाईची सरली; मी वाफ्याच्या निम्म्यात. भामाबाई समोरनं आली. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, भराभर खुरपत. मला गाठलं तेव्हा म्हणाली, "दाजी, दम खा. पहिल्या दिशी ठमी बी रडली व्हती. तेरा-चौदाची आसंल तवा."

घरी आलो ते रविंद्रच्या खांद्याला धरून. ठमाबाई काळा चष्मा लावून ओट्यावर वाट बघत होती. "किती पात झाली?" तिनं विचारलं.

"झाली," मी म्हणालो.

"समोर कोण आलं?"

"भामाबाई."

"तीच येनार," ती म्हणाली आणि माझ्या गुडघ्यांना तेल लावायला निघाली. वाकायचं नव्हतं म्हणून मला बाजेवर निजवलं आणि स्वतः उभ्यानं लावलं.

चार दिवस बाया माझ्यामुळं गप्प होत्या. सासवा, नवरे, दुखणी, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं तोंडात अडलेलं. पाचव्या दिवशी द्वारकाबाईच म्हणाली, "आबा, तुमी आला आन आमची तोंडं शिवली. आता मी बोलनार. तुमाला आयकायचं तर आयका, न्हायतर कानात बोळं घाला." त्यानंतर मी त्यांच्यात कुणी नव्हतोच. मी त्या महिन्यात जेवढं ऐकलं तेवढं पारावर आठ वर्षांत ऐकलं नव्हतं. ठमाबाईच्या डोळ्याचं भामाबाईला पाडव्यापासनं ठाऊक होतं. ती मुद्दाम शेजारची पात धरायची आणि ठमाबाई कुठं अडली की खोकायची. मोजे घातले त्या दिवशी भामाबाई भिगवणला, म्हणून खोकणारं कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली. भामाबाई माझ्यापुढं असायची, म्हणून तिची खुरपलेली पात माझ्या डोळ्यांसमोर यायची. वरून साफ दिसायची, पण लव्हाळ्याची गाठ खाली तशीच. ती पानं तोडत होती. मूळ तिच्या चिमटीत येत नव्हतं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायची. मला वाटलं, माझी पात ओढायला लागते म्हणून घाई करत असेल. तिच्या मागनं जाताना त्या गाठी मी गपचूप काढत गेलो. घरी ठमाबाईला बोललो नाही. बायकांच्या पातीतलं आपण काय बोलायचं, असं वाटलं. ते बोललो असतो तर बरं झालं असतं.

दिवाळी झाली. सावड आमच्या रानात आली, आमचा रांगडा खुरपून निघाला. माझे गुडघे सुजले, उतरले, परत सुजले. मी पुरी पात धरत होतो असं मला म्हणता येणार नाही. पण बाया समोर यायच्या तेव्हा आता पातीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यातच मला गाठायच्या. एकदा अंजलीच्या आधी माझी पात सरली. त्या दिवशी अंजलीच्या दाढेत कळ होती, हे मी घरी सांगितलं नाही.

चाळीस दिवस झाले. डॉक्टरनं डोळ्यात उजेड टाकून बघितलं आणि छान म्हणाले. परत येताना एस.टी.त ठमाबाई खिडकीशी बसली आणि भवानीनगर येईपर्यंत मोठ्यानं बोलत राहिली. "आवो, त्या चिच्चंला पानं हायती की. त्यो बोर्ड तांबडा हाय. तुमच्या कानात केवडं केस आल्यात!" पुढच्या बाकावरची माणसं मागं वळून बघत होती.

दुसऱ्याच दिवशी ती सावडीला निघाली. मार्गशीर्षातली थंडी, कांद्यावर दव. सावड द्वारकाबाईच्या रानात, दुसरी खुरपणी. मी पोचवायला म्हणून गेलो आणि सवयीनं बांधावर बसलो. ती आपल्या जागेवर बसली, भामाबाई शेजारी. खुरपं असं चाललं, की माझ्या चाळीस दिवसांची मलाच लाज वाटली. दर चार हातांवर ती थांबायची, मान वर करून सगळं रान बघायची, हसायची. कुणाच्या लुगड्याची किनार, कुणाच्या नाकातली नवी चमकी, सगळं बोलून दाखवायची.

"मामी, निस्त्या डोळ्यानंच पात सारनार का आज?" द्वारकाबाई म्हणाली. तीही खुशीत होती.

ठमाबाईची पात सगळ्यांच्या आधी सरली. कितीतरी महिन्यांनी ती उठून पुढनं फिरली आणि दुसऱ्याच्या समोर गेली. भामाबाईच्याच गेली. बसायच्या आधी तिनं भामाबाईच्या मागचा पट्टा बघितला आणि मोठ्यानं, हसत, पोरीनं पोरीला पकडावं तसं म्हणाली, "भामे! आगं, निम्मा लव्हाळा ठिवलास की मागं! मी आंदळी व्हते, तुला काय झालं?"

कुणी हसलं नाही. तेव्हा तिनं नीट बघितलं. भामाबाईनं उजवा हात पदराखाली घेतला.

द्वारकाबाई उठून आली. पट्ट्यात खाली बसली, मातीत बोट घालून एक गाठ उपसली, दुसरी उपसली, तिसरी. मग भामाबाईकडं वळून म्हणाली, "मावशी, असू द्या."

"बोटं न्हाय मिटत गं," भामाबाई म्हणाली. "दोन साल झाली."

"तसं न्हाय," ठमाबाई म्हणाली. "मी आपली चेष्टा केली. द्वारके, चेष्टा केली मी. तिची पात मी सारते. रोज सारते. माजी सरली की तिची."

"रोज कशी साराल मामी? आन तुमची सरायला कोन येनार?"

"म्हस्कू आबा येतील की," अंजली हळूच म्हणाली. पण कुणाला हसू आलं नाही, तिलाही नाही.

सगळ्यांच्या आधी भामाबाईच उठली. अंगावरची माती झटकली. "घेते मी आर्दी," ती म्हणाली. "आज ना उद्या घ्यायाचीच. दे गं द्वारके, च्याचं भांडं कुटाय? तुमी सगळ्या जणी गुळवणी करताय च्याची. आता माज्या हातचा पिऊन बगा."

ती बांधाच्या कडेला गेली, तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या. काडी पेटवायला तिला चार काड्या लागल्या. ठमाबाई पातीत तशीच उभी होती, खुरपं हातात. मी तिच्याकडं बघत होतो आणि तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. मी मान खाली घातली.

रात्री तिनं विचारलंच. "चाळीस दीस तिच्या शेजारी बसलावता. तुमाला दिसलं नसंल?"

"दिसलं."

"मग?"

"मला वाटलं..."

"तुमाला वाटलं," ती म्हणाली आणि कूस बदलली. पहाटेपर्यंत ती किती वेळा उठली ते मी मोजलं नाही. मीही जागाच होतो.

दुसऱ्या दिवशी ती भामाबाईच्या घरी गेली. शेंगदाण्याची चटणी आणि हुलग्याचं माडगं घेऊन गेली. भामाबाईनं बसवून घेतलं, गावाकडच्या गोष्टी काढल्या, जुन्या आठवणींनी दोघी हसल्या. पातीचं नाव काढलं की भामाबाई दुसरं काहीतरी बोलायची. निघताना एवढंच म्हणाली, "ठमे, तुला दिसाय लागलं हे बेस झालं बग."

ठमाबाईनं द्वारकाबाईला जाऊन सांगितलं, मलाही अर्धी दे. द्वारकाबाई म्हणाली, "मामी, तुमची पात अंजलीच्या आदी सरतिया. कुन्या तोंडानं आर्दी देऊ? माज्या सावडीत दोन च्यावाल्या काय करू?" रेश्मालाही डॉक्टरीणबाईंनी मोकळं केलं. पौषात आमच्या पाऊण एकरावर कांद्याची लागण झाली, एका दिवसात, सात घरच्या बायांनी. आमच्या घरच्या दोघी पुऱ्या पातीला. भामाबाई रोपांच्या पेंढ्या वाफ्यावाफ्यावर ठेवत होती, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून. चहा तिनंच केला. चांगला झाला होता.

ठमाबाई अजून सावडीला जाते. शेजारची पात आता अंजलीची असते. दुसरा डोळाही करून घे म्हणून रविंद्र मागं लागला आहे. ती म्हणते, एकानं जेवढं बघितलं तेवढं पुरे झालं. ती कधी थांबेल, हे मी तिला विचारत नाही. मी सकाळी फाट्यापर्यंत जातो, पारावर जातो, परत येतो, बांधावर बसतो. कुणाची पात मागं राहिली तर जाऊन खुरपतो. बाया आता हसत नाहीत.

भामाबाई दोन हजार चोवीस साली, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, अकरा मे रोजी, शनिवारी सकाळी भिगवणला लेकीच्या घरी वारली. त्याच्या आठ दिवस आधीपर्यंत ती सावडीला येत होती.